'जप्त करणे'चं उलट काय, परत करणे की मुक्त करणे? (बळकावणे, काबीज करणे यांचं पण सांगा)

मांजराकाठ (लातूर) लिहितेय:

नमस्कार सगळ्यांना. तलाठी आणि जिल्हा परिषद दोन्हीची तयारी करायलेय, दिवसभर अभ्यासिकेत असते. काल क्लासच्या सराव पेपरात आलं होतं, 'जप्त करणे' याचा विरुद्धार्थी शब्द निवडा. पर्याय होते देणे, परत करणे, मुक्त करणे, टाकणे. मी मुक्त करणे टिक केलं आणि उत्तरतालिकेत निघालं परत करणे. सरांना विचारलं तर म्हणले तालिका बघा, पुढचा प्रश्न घ्या. मार्क गेला त्याचं एवढं काही नाही, पण का गेला ते तरी कळावं ना.

मग अभ्यासिकेच्या बाहेर चहाला उभं राहिल्यावर तोच विषय. एक मैत्रीण म्हणायली एवढं डोकं कशाला लावायचं, धरण्याच्या जातीचा कुठला पण शब्द आला की डोळे झाकून 'सोडणे' लिहायचं. पकडणे-सोडणे ठीक आहे, मला पण पटतं, पण 'त्यानं भावाची जमीन बळकावली' याचं उलट 'त्यानं भावाची जमीन सोडली' होतं का? हिसकावणे, काबीज करणे, हस्तगत करणे, वेठीस धरणे, या सगळ्यांना एकच शब्द कसा चालंल? कुणी नीट सांगितलं तर बरं होईल, आणि प्लीज नुसती यादी टाकू नका, याद्या माझ्याकडं ढीगभर आहेत.

—

कासरा (केज):

ताई तुमच्या त्या सगळ्याला सोडणे लावणाऱ्या मैत्रिणीला एकदा आमच्या शेतात पाठवा. कपाशीनं पातं (म्हंजी बारीक कळी) धरलं म्हणतेत, मग त्याचं उलटं काय, कपाशीनं पातं सोडलं का? आसं कुणी म्हणत न्हाई, पातेगळ झाली म्हणतेत. तुरीनं फूल धरलं, उलटं फूलगळ. जालन्याकडचे मोसंबीवाले बहार धरतेत आन् बिघडलं की फळगळ. आभाळ धरून आलं, पाऊस धरला, चार दिस झड लागली आन् मग काय झालं तर उघडीप मिळाली, पाऊस उघडला. कंबर धरली तर मोकळी झाली. तापानं धरलं तर ताप उतरला.

आन् दुसरीकडं बगा, उपास धरला उपास सोडला, अबोला धरला अबोला सोडला, धीर धरला धीर सोडला, आशा, हट्ट, नाद, सगळीकडं सोडणे बरोब्बर बसतंय. मला तरी आसं वाटतंय की माणूस आपल्या मनानं धरतो तिथं सोडणे चालतंय, आन् जे आपोआप धरतंय ते गळतंय, उतरतंय, उघडतंय न्हाईतर मोकळं होतंय. व्याकरणवाल्यांनी ह्याला काय म्हणायचं ते म्हणावं.

आन् एक गंमत सांगतो, म्हशीचं. घरचं माणूस धारेला बसलं, कासेवर पाणी मारून हात फिरवला की म्हस पान्हा सोडती. अनोळखी माणूस बसला की तीच म्हस पान्हा चोरती. कास टम्म भरलेली दिसती पण सड पिळून पिळून बोटं दुखली तरी तांब्याचं बूड बी झाकत न्हाई. मग रेडकू सोडायचं, ते दोनचार ढुशा मारतंय आन् तवा कुठं सडात दूध उतरतंय. म्हणजे हितं 'सोडणे'च्या उलटं 'धरणे' न्हाईच, 'चोरणे' हाय. लिवा पेपरात, बगू मार्क देतेत का.

—

एक_वाचक:

एवढं लांबड कशाला? गूगलवर टाका, दोन सेकंदात उत्तर.

—

कासरा (केज):

टाकलं की ओ, 'पकडणे'ला विरुद्धार्थी 'पकडू नये' आलं. तुम्हीच बगा टाकून.

—

निवृत्त पेशकार (परभणी):

मांजराकाठ ताई, माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टात गेली, जप्तीची दरखास्त हा माझा रोजचा कागद होता, म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं सांगतो. तुमचं उत्तर बरोबर आहे. क्लासवाल्यांनी जप्ती म्हणजे घरातून टीव्ही उचलून नेला एवढंच डोळ्यासमोर धरलेलं दिसतंय. टीव्ही नेला असेल तर परत करता येतो. पण समजा हुकूमनाम्याची (म्हणजे कोर्टानं निकालात द्यायला सांगितलेली) रक्कम भरली नाही म्हणून शेत जप्त झालं. शेत काय कोर्टात उचलून नेत नाहीत. कोर्ट मनाई हुकूम काढतं की हे विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही. गावात दवंडी होते, हुकूम शेतावर लागतो, कोर्टाच्या फलकावर लागतो. शेत तिथंच असतं आणि बहुतेक वेळा मालकच ते कसत असतो. पुढं त्यानं रक्कम भरली की कोर्ट लिहितं 'जप्ती उठविण्यात येते'. आता मला सांगा यात परत काय केलं? काहीच नाही, कारण नेलंच नव्हतं. मिळकत जप्तीतून मोकळी झाली एवढंच. म्हणून मुक्त करणे. आमच्या भाषेत जप्ती बसते आणि जप्ती उठते.

पोलिसांकडं वेगळं आहे. तिथं वस्तू खरोखर ठाण्यात जाते, मुद्देमाल होते. गाडी पकडली असेल तर केस चालू असताना सुद्धा कोर्टात अर्ज करून ती सुपूर्दनाम्यावर सोडवून आणता येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ आणि ४५७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४९७ आणि ५०३. आता गंमत बघा, सुपूर्दनाम्यावर गाडी घरी आली तरी ती मोकळी झालेली नसते, विकता येत नाही, कोर्टानं मागितली की हजर करावी लागते. म्हणजे इथं परत मिळाली पण मुक्त झाली नाही, आणि वर शेताच्या उदाहरणात मुक्त झालं पण परत काही केलं नाही. दोन्ही शब्द एकाच खुंटीला बांधणं चूक आहे ते यावरून दिसतं.

जाता जाता, ज्यांच्या घरी अशी वेळ येईल त्यांच्यासाठी. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ चं कलम ६० वाचून ठेवा. शेतकऱ्याची औतं, पोटापाण्यापुरती लागणारी जनावरं, बियाणं, घरच्यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि धर्माच्या रिवाजानं बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, हे दिवाणी हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही. बेलीफ दारात आला की लोक घाबरून बैलच सोडून देतात.

—

शिक्षिका_अंबाजोगाई:

पेशकार काकांनी कायद्याचं फार छान सांगितलं, मी भाषेच्या बाजूनं भर टाकते. कासरा भाऊ, तुमचं ते मनानं धरणं आणि आपोआप धरणं, ते अगदी शंभर टक्के नियम म्हणून नाही बसणार पण दिशा बरोबर आहे.

मी वर्गात हे शिकवताना कोंडवाडा घेते. समजा एखाद्याची गाय दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली, त्यानं ती हाकत नेऊन कोंडवाड्यात घातली. (आता किती गावात कोंडवाडा शिल्लक आहे देव जाणे, आमच्या पोरांना चित्र काढून दाखवावं लागतं.) संध्याकाळी मालक गेला, दंड भरला, गाय घेऊन आला. आता यात कोण काय म्हणेल बघा. मालक म्हणतो मी गाय सोडवली. कोंडवाड्याचा माणूस म्हणतो मी सोडली. आणि गायीला बोलता आलं असतं तर ती म्हणाली असती मी सुटले. घटना एक आणि क्रियापदं तीन, सोडवणे, सोडणे, सुटणे. आणि पहिल्या बाजूला पण तसंच आहे, धरणारा धरतो, गाय अडकते किंवा सापडते.

म्हणून विरुद्धार्थी विचारला की आधी बघायचं हे क्रियापद कुणाच्या तोंडचं आहे. 'जप्त करणे' हे सत्ता ज्याच्या हातात आहे त्याचं क्रियापद, तर उलटं पण त्याच्याच हातचं पाहिजे, मुक्त करणे. 'अटक'ला 'सुटका' पुस्तकात असतं आणि ते नाम-नाम म्हणून चालतं. पण 'अटक करणे'ला 'सुटणे' लिहिलं की चूक, कारण अटक पोलीस करतात आणि सुटतो आरोपी. पोरं इथंच मार्क घालवतात.

दुसरं म्हणजे शब्दाचं घराणं बघायचं. संस्कृत शब्द असेल तर शक्यतो संस्कृतच जोडीदार, ग्रहण-त्याग, बंधन-मुक्ती, स्वीकार-अस्वीकार. ग्रहणाला पंचांगात अजून एक जोडीदार आहे, मोक्ष. मागच्या वर्षी ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री १० च्या सुमारास स्पर्श आणि दीडच्या सुमारास मोक्ष. आमच्या लहानपणी ग्रहणात गल्लीतून 'दे दान सुटे गिऱ्हाण' ओरडत यायचे, म्हणजे पंचांगातला मोक्ष आणि रस्त्यावरचं सुटणं एकच. पेपरात 'ग्रहण करणे' आलं तर मात्र त्यागच लिहा बाई, मोक्ष लिहू नका.

—

खुलताबादी (छत्रपती संभाजीनगर):

मी पण थोडं टाकतो. आपल्या इकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि कोर्ट-कचेरी, महसूल सगळं उर्दूत, आणि या धर-पकडीच्या कामातले आपले निम्मे शब्द मूळचे फारसी-अरबीच आहेत, जप्त, कब्जा, काबीज, गिरफ्तार, हवाली, सुपूर्द, बहाल. आमच्या घरात उर्दू बोलतात. जप्त झालेली जमीन सुटली की उर्दूत 'वागुजार' झाली म्हणतात, हा शब्द जप्तचा खरा सख्खा विरुद्धार्थी, पण मराठीत तो आला नाही. गिरफ्तारला रिहा आहे, तो पण मराठीत बातम्यांपुरताच. मराठीनं पकडायचे शब्द बाहेरून घेतले आणि सोडायला स्वतःचं सोडणे-सुटणेच वापरलं असं मला वाटतं, कदाचित म्हणूनच मांजराकाठ ताईंच्या मैत्रिणीला सगळीकडं सोडणे दिसायलंय.

'बहाल' मात्र आला आणि टिकला. हिसकावणे किंवा हिरावून घेणे याला मी बहाल करणे लावतो. नोकरीवरून काढलं आणि परत घेतलं तर बहाल केलं, हक्क काढून घेतले आणि परत दिले तर बहाल केले. पण यात एक आहे, बहाल करणारा वरचा असतो. शेजाऱ्यानं बांध कोरून नेलेली जमीन परत दिली तर 'शेजाऱ्यानं बहाल केली' म्हणलं की हसतील लोक.

—

गोदाकाठ (पैठण):

धरणेवरून आठवलं, धरण हा शब्द पण त्यातलाच की, पाणी धरून ठेवतं ते धरण. आणि आमचा जन्मच 'सोडा' म्हणण्यात चाललाय. दरवर्षी पावसाळा संपत आला की तेच, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असंल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं असं समन्यायी वाटपाचं २०१४ ला ठरलं होतं, तरी कमी पावसाच्या वर्षी कोर्टात गेल्याशिवाय काही हलत नाही. त्यांच्याकडं 'अडवलं' असतं आणि आमच्याकडं 'सोडलं नाही' असतं. आणि भरलं की उलटं, दरवाजे उघडून एवढं सोडतेत की गंगेकाठची (म्हणजे गोदाकाठची) गावं रात्रीत सामान काढायला लागतेत.

वर्षानुवर्ष वाट बघून कंटाळलेल्या माणसाला विचारा, तो म्हणतो त्या पाण्यावर आम्ही पाणी सोडलं. हे 'पाणी सोडणे' पण धरा बाई यादीत, हक्क सांगण्याच्या उलटं. दान देताना हातावरून उदक सोडायचे ना, त्याच्यावरून आलंय ते.

—

मांजराकाठ (लातूर):

अरे बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू. काका, ते शेत जप्तीचं मी अभ्यासिकेत सांगितलं, आता दोन गट पडलेत आणि चहाचं बिल कुणी द्यायचं ते त्याच्यावर ठरणार आहे. कासरा दादा तुमची म्हस सगळ्यांना आवडली.

राहिलं ते बळकावणे, काबीज करणे आणि हस्तगत करणे. बाई, तुमच्या नियमानं बळकावणाराच उलटं काम करणारा पाहिजे, म्हणजे 'परत करणे' चालंल ना? आणि एक वेगळाच प्रश्न, काका, हक्कसोडपत्र म्हणजे पण हेच का? घरी आत्याच्या सहीचं चाललंय आणि सगळे म्हणायलेत पन्नास रुपयांच्या बाँडवर लिहून घेऊ, झालं. मला ते ऐकूनच कसंतरी व्हायलंय.

—

शिक्षिका_अंबाजोगाई:

बळकावणेला परत करणे चालेल, ताबा सोडणे पण चालेल. 'जप्त'ला जे चूक तेच इथं बरोबर, कारण बळकावण्यात दुसऱ्याचं आपल्याकडं आलेलं असतं, नुसतं मोकळं सोडून काय उपयोग, ज्याचं त्याला गेलं पाहिजे. हस्तगत करणेला गमावणे. वेठीस धरणेला एका शब्दात काही नाही, मोकळीक देणे म्हणा, पण वाक्यात ते फिकं पडतं. जबरदस्तीच्या शब्दांना तेवढ्याच जोराचा उलटा शब्द सहसा मिळत नाही, हे माझं मत, पुस्तकात शोधू नका.

काबीज करणेसाठी इतिहासाच्या पुस्तकातली जोडी बघा. जिंकणाऱ्यानं किल्ला काबीज केला, हरणाऱ्यानं गमावला, ही झाली सोपी जोडी. पण न लढता तहात द्यावा लागला तर जुना मराठी शब्द आहे 'तोडून देणे'. १७६० ला उदगीरच्या लढाईत निजाम हरला आणि तहात त्याला दौलताबादचा किल्ला, बऱ्हाणपूर, विजापूरकडचा मुलूख मराठ्यांना तोडून द्यावा लागला. तुम्ही तर लातूरच्या, उदगीर जिल्ह्यातच आहे, पेपरात इतिहासात पण विचारतात. काबीज करणे आणि तोडून देणे, मला ही जोडी फार आवडते, तोडून देणेमध्ये देणाऱ्याचं दुखणं ऐकू येतं.

—

कासरा (केज):

बाई, आमच्याकडं वाटणीत चुलत्यानं आमच्या बापाला दोन एकर 'तोडून दिलं' म्हणतेत. चुलत्याला काय दुखलेलं दिसलं न्हाई, मुरमाड तेवढं दिलं सगळं 😀

—

निवृत्त पेशकार (परभणी):

ताई, हक्कसोडपत्र याच विषयातलं आहे आणि बरं झालं विचारलंत. पन्नास रुपयांच्या बाँडचं सोडून द्या. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागते, नोंदणी नसेल तर सात-बाऱ्यावरून आत्याचं नाव कमी होत नाही आणि उद्या कोर्टात त्या कागदाला किंमत राहत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भावासारख्या जवळच्या नात्यात मोबदला न घेता हक्क सोडला तर मुद्रांक जास्त नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. आणि हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या नावानं होतं, म्हणजे आत्या भावाला सोडू शकते. जावयाला किंवा शेजाऱ्याला द्यायचं तर ते हक्कसोड नाही, त्याला बक्षीसपत्र किंवा खरेदीखत लागतं आणि मुद्रांक पण त्या हिशोबानं.

आणि भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून. कागदावर लिहिलेलं असतं 'राजीखुशीने हक्क सोडत आहे'. दुय्यम निबंधकाच्या समोर आत्याला विचारतील, मजकूर वाचला का, समजला का. घरून निघतानाच तिला पूर्ण कागद वाचून दाखवा, कुठल्या गटातलं किती क्षेत्र ते नीट सांगा, आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणू द्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती होऊन मुलीला मुलाएवढाच हिस्सा आहे. मी टेबलावर बसून असे कितीतरी दावे बघितलेत की कागदावर 'सोडला' आणि दाव्यात 'बळकावला'.

—

मांजराकाठ (लातूर):

वाचून दाखवते काका, आजच रात्री फोन करते आत्याला. गट नंबर माझ्याकडं आहेत, सात-बारा ऑनलाइन काढते आधी.

—

एक_वाचक:

गूगलवर टाकून बघितलं. 'पकडू नये'च येतंय खरं.